घरी पाठवण्याआधी

४ फेब्रुवारी, मंगळवार

चिंगे,

फोन उचलत नाहीस, म्हणून हा कागद. पत्ता तुझ्या दादाकडून घेतला, तोही तीनदा मागितल्यावर. दोन ओळी वाचून फेकून देणार असशील तर दे, पण यात घरचं रडगाणं नाही. कामाचं आहे.

मेट्रनने माझ्या गळ्यात नवीन घोंगडं टाकलंय. आपल्या डे-केअरमध्ये सकाळी ऑपरेशनला येऊन संध्याकाळी घरी जाणाऱ्या पेशंटची देखभाल इथून पुढे एकाच पद्धतीने करायची. आदल्या दिवशीच्या फोनपासून घरी गेल्यानंतरच्या फोनपर्यंत सगळं ठरलेलं हवं. कोणत्या सिस्टरची ड्युटी आहे यावर पेशंटचं नशीब ठरायला नको, असं त्या म्हणाल्या. बोलताना माझ्याकडे बघत नव्हत्या, खिडकीकडे बघत होत्या. हे कशामुळे सुरू झालं ते तुला माहीत आहे आणि मलाही. त्यावर आत्ता बोलत नाही.

सुरुवात म्हणून सातही सिस्टरांना एकेक कोरा कागद दिला. म्हटलं, हर्नियाच्या पेशंटला घरी पाठवताना काय काय सांगता ते लिहा, आणि एकमेकींचं बघू नका. संध्याकाळी ते सात कागद घेऊन बसले आणि कपाळाला हात लावला. आंघोळ कधी करायची? एकीने लिहिलं उद्या. दुसरीने तिसऱ्या दिवशी. तिसरीने टाके निघाल्यावर. चौथीने 'डॉक्टरांना विचारून'. जिना चढायचा की नाही याची चार उत्तरं. आणि एका बाईने, पंधरा वर्षं नोकरी झालेल्या बाईने, अख्ख्या कागदावर दोनच शब्द लिहिले होते. काळजी घ्या. कशाची? कशी? घरी जाऊन पेशंटने नक्की काय केलं म्हणजे त्याने काळजी घेतली?

लंबूचा कागद त्यातल्या त्यात बरा निघाला. तुझ्याबरोबर लागलेली, तुझं बघूनच शिकली.

आता मुद्द्याचं. तुझी जागा अजून भरलेली नाही. मी मेट्रनशी बोलले. त्या म्हणतात, तिने चार ओळी लिहून दिल्या, की घाई झाली, चूक झाली, पुन्हा होणार नाही, तर विचार करता येईल. चार ओळी, चिंगे. त्या लांबच्या डोळ्यांच्या दवाखान्यात दिवसभर लोकांच्या डोळ्यांत थेंब घालत बसण्यापेक्षा इथे ये. मजकूर मी करून ठेवलाय, सोबत पाठवतेय. तू फक्त सही कर.

पाच महिने झाले. माणसाने किती धरून बसावं?

वहिनी


१३ फेब्रुवारी, गुरुवार

चिंगे,

उत्तर नाही. पाकीटही परत आलं नाही, म्हणजे पोचलं असं धरते.

आज काय झालं ते तुझ्याशिवाय कोणाला सांगू? तुझ्या दादाला हॉस्पिटलचं सांगायला लागले की तो पेपर वर धरतो. सकाळी पित्ताशयाच्या ऑपरेशनची एक बाई आली, ती भिंत धरतच. ओठ सुकलेले. विचारलं, "पाणी कधी प्यायलात?" तर म्हणे, "काल दुपारी. फोनवरच्या सिस्टर म्हणाल्या, काही खायचं-प्यायचं नाही. मग म्हटलं, जेवण झालं की बंदच करावं. आपल्याकडून चूक नको." तिला खुर्चीवर बसवते तोवर पुढचा पेशंट आला. त्याच्या मिशीला बिस्किटाचा चुरा! "दुसऱ्या सिस्टर म्हणाल्या, थोडंसं चालेल." त्याचं ऑपरेशन रद्द. रजा काढून आलेला माणूस, तणतणत परत गेला. एकीला वाळवलं, दुसऱ्याला खाऊ घालून परत पाठवलं. आणि दोघांनाही फोन एकाच टेबलावरून गेलेले.

म्हणून मी फोनवर बोलायची वाक्यंच लिहून काढली. 'रिकाम्या पोटी या' असं म्हणायचंच नाही. किती वाजता शेवटचा घास, किती वाजता शेवटचं पाणी, हे घड्याळाच्या आकड्यात सांगायचं आणि पेशंटकडून परत म्हणवून घ्यायचं. तर एक सिस्टर म्हणते, "ताई, आम्ही काय पोपट आहोत का?" म्हटलं, पोपट बरा, तो रोज तेच बोलतो.

घरी पाठवतानाचा कागद घेऊन सर्जनसाहेबांकडे गेले. अकरा ओळी आहेत. पाय नीट हलतात का, लघवी झाली का, उठून चालल्यावर चक्कर येते का, पोटात काही टिकतंय का, दुखणं किती, सोबत कोण, असं सगळं. त्यांनी कागद उलटासुलटा करून बघितला आणि म्हणाले, "सिस्टर, पेशंट माझ्या हातांनी बरा होतो, तुमच्या कागदांनी नाही." मला म्हणायचं होतं, सर, तुमचे हात चार वाजता घरी जातात, त्यानंतर पेशंटला आम्ही बघतो. म्हटलं काय? "हो सर." तीस वर्षांची सवय. जीभ आपोआप वळते.

हे लिहिताना तू काय म्हणशील ते मला ऐकू आलं. बरं, मग ऐक. चौकशीत मी सांगितलं की पेशंटला घरी पाठवलं त्या वेळी मी ऑपरेशन थिएटरमध्ये होते. त्या दिवशी मी दोनदा आत गेले होते, रजिस्टरमध्ये आहे. खोटं नाही ते. आणि डिस्चार्जच्या कागदावर सही तुझी होती. माझी नव्हती. तुला वाटत होतं की पेशंट जायच्या अवस्थेत नाही, तर तू हटून बसायचं होतंस. एकदा सांगून गप्प का बसलीस?

जाऊ दे. चिडून लिहिलेलं पत्र पाठवू नये म्हणतात, पण हे आता पुन्हा कोण लिहिणार?

वहिनी


२६ फेब्रुवारी, बुधवार

चिंगे,

पहिल्या पत्रासोबत जो मजकूर पाठवला होता तो फाडून टाक. का ते खाली लिहिते. लिहायला जमलं तर.

सोमवारपासून नवा कागद सुरू झाला. पिवळा घेतलाय, म्हणजे केसपेपरमध्ये लगेच दिसेल. मी दोन दुपारी सगळ्यांना बसवून समजावलं. सगळ्यांनी माना डोलावल्या. मला वाटलं, चला, गाडी रुळावर आली.

आज सकाळी साडेनऊला कागद चाळायला घेतले. सहा पेशंट, सहा पिवळे कागद, सहाही भरलेले. पाय नीट हलतात, हो. लघवी झाली, हो. चालून बघितलं, चक्कर नाही, हो. सोबत घरचं माणूस आहे, हो. खाली सही. आणि सहांपैकी एकही पेशंट अजून टेबलावर गेलेला नव्हता! एक तर दारात चप्पल काढत होता. त्याच्या कागदावर तो ऑपरेशन होऊन, चालून, लघवी करून घरी निघालेला.

माझं डोकंच फिरलं. ते सहा कागद घेऊन वॉर्डच्या मधोमध उभी राहिले आणि तोंडाला येईल ते बोलले. फरशी पुसणाऱ्या मावशी पोछा हातात धरून तशाच थांबल्या. एकही सिस्टर वर बघेना. शेवटी लंबू पुढे आली. तुला माहीत आहे ना ती कशी बोलते, आवाज न चढवता.

म्हणाली, "ताई, रागावू नका. पण हा कागद पेशंटसाठी नाही हे सगळ्यांना कळतं."

"मग कोणासाठी आहे?"

"उद्या काही झालं तर सही कोणाची ते बघायला. चिंगीताईची सही होती. सर तिथे होते, भूलवाल्या मॅडम होत्या, तुम्ही होतात. कागदावर मात्र ती एकटीच होती. मग आम्ही काय करायचं? नाही लिहिलं तर बेड अडवला म्हणून ओरडा. हो लिहिलं आणि काही झालं तरी आम्हीच. म्हणून सकाळीच हो लिहून मोकळ्या होतो."

'तुम्ही होतात' म्हणताना ती सरळ माझ्याकडे बघत होती. त्या दिवशी ती शेजारच्या बेडचं सलाईन बदलत होती. हे मी विसरले होते असं लिहिणार होते. विसरले नव्हते.

मी म्हटलं, "कामाला लागा." आणि चादरींच्या खोलीत जाऊन कपाटाकडे तोंड करून उभी राहिले. मावशींनी दार लोटून घेतलं. त्यांनी काही विचारलं नाही, त्यामुळे जास्तच लाज वाटली.

मी महिनाभर सगळ्यांवर चरफडतेय, की या बायका ऐकत नाहीत, सर ऐकत नाहीत, छापखानाही दोन ओळी गाळून कागद पाठवतो. आणि या मुली जे शिकल्या ते माझ्याकडूनच शिकल्या.

आणखी लिहायचं आहे. आज होत नाही.

वहिनी


९ मार्च, रविवार

चिंगे,

काल घड्याळवाल्या काकांकडे जाऊन आले.

कोणाला सांगितलं नव्हतं. पत्ता केसपेपरवर होताच. तिसरा मजला, लिफ्ट नाही, जिन्याच्या पायऱ्या अरुंद आणि कठडा एकाच बाजूला. चढतानाच कळलं की त्या दिवशी काय झालं असेल. दार त्यांच्या मुलीने उघडलं, तिनेच तक्रार केली होती. मला ओळखलं तिने. "तुम्ही त्या मोठ्या सिस्टर ना?" म्हणाली आणि दारातच उभी राहिली. आतून काका म्हणाले, "येऊ दे गं त्यांना."

खिडकीशी बसलेले. शेजारी वॉकर. मोडलेलं खुब्याचं हाड जोडलं, पण पायात जोर आला नाही. जिना उतरणं बंद. समोर रस्त्यापलीकडे त्यांचं दुकान, शटर ओढलेलं. दिवसभर तेच समोर.

मी काय बोलायचं ते पाठ करून गेले होते. वॉकरकडेच बघत बसले. तेच म्हणाले, "त्या लहान सिस्टर कशा आहेत?"

म्हटलं, "दुसऱ्या गावी असते आता."

"चांगल्या होत्या हो. तीनदा येऊन म्हणाल्या, काका, पाय उचलून दाखवा. उजवा उचलला मी. डाव्याची टाच गादीवरून सुटेना. म्हणाल्या, तुम्ही पडून राहा, मी इतक्यात पाठवत नाही. लघवी पण व्हायची होती माझी." मग माझ्याकडे वळले. "तेवढ्यात कोणी तरी बाहेरून म्हणालं, पाठव त्यांना, बेड हवाय. तुमचाच आवाज होता ना तो?"

मुलगी माझ्याकडे बघत होती.

"चाळीस वर्षं घड्याळं कानाला लावून ऐकली," काका म्हणाले. "आवाज ओळखता येतो मला. मी चौकशीत सांगितलं असतं. पण मला कोणी बोलावलंच नाही."

बघ ना, चिंगे! एवढी चौकशी, तीन बैठका, जाड फाइल, आणि ज्याचं हाड मोडलं त्यालाच कोणी विचारलं नाही.

मी म्हटलं, "हो काका. माझाच आवाज होता."

मुलगी उठून आत गेली. आतून भांडी आपटल्याचा आवाज येत राहिला. काकांनी खिडकीकडे तोंड केलं. मग म्हणाले, "सोबत कोण आहे विचारलं होतं, तेव्हा मी पण खोटं बोललो. ही कामावर होती. म्हटलं, कशाला बोलवायचं? टॅक्सीवालाच होता सोबत. तो खालच्या दारातून गेला. मग दुसऱ्या मजल्यावर पाय कुठे ठेवला ते मलाच कळलं नाही." त्यांनी ते माझं ओझं हलकं करायला सांगितलं हे कळत होतं. त्याने काही हलकं झालं नाही.

आता सगळं सरळ लिहिते. तू मला म्हणाली होतीस, "वहिनी, यांची भूल पुरती उतरलेली नाही, डावा पाय जड आहे, लघवीही झालेली नाही, दोन तास लागतील." मी काउंटरवर होते, थिएटरमध्ये नव्हते. आतून सर ओरडत होते की चौथी केस बाहेर खोळंबलीय. मी तुझ्याकडे न बघता म्हटलं, "पाठव त्यांना, बेड हवाय. घरी जाऊन करतील." तू पुन्हा म्हणालीस, "वहिनी, नको." दोनदा म्हणालीस. तेरा तारखेच्या पत्रात मी 'एकदा सांगून' लिहिलं, ते खोटं. मी म्हटलं, "इथे मी इनचार्ज आहे, वहिनी घरी." मग तू सही केलीस.

चौकशीत त्यांनी मला विचारलं, तेव्हा तू समोरच बसली होतीस. मी थिएटरमध्ये होते म्हटलं आणि तू माझ्याकडे बघितलंस. मला वाटलं, आता बोलेल. बोलली असतीस तर मी मान्य केलं असतं, असं मी इतके दिवस स्वतःला सांगत आले. तू घरचं नाव राखायला गप्प राहिलीस आणि मी तुझ्या गप्प राहण्याचा फायदा घेतला.

आणि त्यानंतर घरी तुझा दादा तुला बोलला. "तुझ्या निष्काळजीपणामुळे तुझ्या वहिनीला सगळ्यांसमोर मान खाली घालावी लागली." मी स्वयंपाकघरात भाजी चिरत होते. प्रत्येक शब्द ऐकला. भाजी चिरत राहिले.

क्षमा मागत नाही. मागितली की तुला काहीतरी उत्तर द्यावं लागेल, आणि तेही ओझं तुझ्यावरच.

वहिनी


१२ मार्च, बुधवार

चिंगे,

आज दुपारी ड्युटी बदलताना सगळ्या सिस्टर एकत्र असतात तेव्हा सांगितलं. उभी राहून. लंबूसकट सातही जणी होत्या, मावशीही. म्हटलं, "काकांना घरी पाठवायला मी सांगितलं होतं. चिंगी नको म्हणत होती. मी चौकशीत खोटं बोलले."

त्या पोपटवाल्या सिस्टरने खाली बघून पेनाचं टोपण काढलं, लावलं, काढलं, लावलं. मावशी तेवढ्या म्हणाल्या, "आम्हाला माहीत होतं, बाई." चिडून नाही, हवापाण्याचं बोलतात तसं. म्हणजे मी ज्यांच्यापासून लपवत होते त्या सगळ्यांना माहीत होतं, आणि ज्यांना माहीत नव्हतं त्यांनी विचारलं नव्हतं.

तिथून तशीच मेट्रनकडे गेले आणि लेखी दिलं. दीड पान. त्यांनी वाचलं, चष्मा काढला. म्हणाल्या, "हे आता कशाला? प्रकरण मिटलंय."

"चिंगीचं नाही मिटलेलं," मी म्हटलं.

"तुम्हाला निवृत्तीला तीन वर्षं राहिलीत."

"मोजलीत मी."

कागदात मी एक बारावी ओळ मागितली आहे. 'घरी पाठवा असं कोणी सांगितलं? त्याची सही.' सिस्टर एकटी अडकता कामा नये. सांगणाऱ्याने खाली नाव लिहायचं, मग तो सर्जन असो नाहीतर इनचार्ज. मेट्रन म्हणाल्या, सर ऐकणार नाहीत. म्हटलं, मग ऐकणार नाहीत असं लिहून द्या.

एवढं बोलून बाहेर आले. बाकावर पेशंटच्या नातेवाइकांबरोबर बसले. शेजारच्या बाईने विचारलं, "तुमचं कोण आत आहे?"

वहिनी


२२ मार्च, शनिवार

चिंगे,

बातमी एकदाच सांगून टाकते. इनचार्जपद गेलं. आठ दिवस नुसत्या बैठका. मग मला ड्रेसिंगच्या खोलीत टाकलं. दिवसभर पट्ट्या सोडते, पट्ट्या बांधते. पद्धत ठरवायचं काम दुसऱ्या वॉर्डच्या इनचार्जकडे दिलं. तिने एकाही डे-केअर पेशंटला कधी घरी पाठवलेलं नाही. पण अक्षर सुंदर आहे तिचं, फाइल छान दिसेल.

बारावी ओळ मेट्रननी खोडली. सर म्हणाले म्हणे, की मी काय हवालदार आहे का जागोजागी सह्या करायला? चरफडले मी. या माणसाला प्रत्येक गाठ आपल्याच हाताने मारायची असते, पण सही म्हटलं की हात दुखतो. आता मला काही विचारत नाहीत, तर सगळी उत्तरं तयार असतात बघ माझ्याकडे. इनचार्ज होते तेव्हा 'हो सर'.

तुझ्या दादाला मेट्रनना लेखी दिलं त्याच दिवशी, बुधवारी, घरी आल्यावर सांगितलं. त्याने पेपर वर धरला नाही. सगळं ऐकलं. मग एकच विचारलं, "मी तिला बोललो, तेव्हा तू कुठे होतीस?" म्हटलं, "स्वयंपाकघरात." त्याने चप्पल घातली आणि बाहेर गेला. तेव्हापासून कामापुरतं बोलतो. पाणी तापलंय का, किल्ली कुठे आहे, असं. पंचवीस वर्षांत एवढं शांत घर मी पाहिलं नव्हतं. भांडला असता तर सोपं गेलं असतं.

काल रात्रीच्या जेवणाच्या वेळी म्हणाला, "पुढच्या आठवड्यात तिच्याकडे जातोय." मी म्हटलं, "जा." मला चल म्हणाला नाही, मीही विचारलं नाही. तो आला तर दार उघड. दोषी मी आहे, त्याला मी जे दाखवलं तेच त्याने पाहिलं. बोलायचं नसेल तर बोलू नकोस, पण दारातून परत पाठवू नकोस. त्याला कोणाची माफी मागायची सवय नाही, वेळ लागेल.

वहिनी


६ एप्रिल, रविवार

चिंगे,

दादा परत आला. तू पोटभर रागावलीस आणि मग जेवायला वाढलंस, एवढंच त्याने सांगितलं. बाकीचं तुमचं तुमच्यात राहू दे. आल्यापासून तो माझ्याशी थोडा जास्त बोलतो. थोडाच.

आपल्या डे-केअरचं सांगते. मंगळवारी लंबूकडे हर्नियाचा एक पेशंट होता, पाठीत इंजेक्शन देऊन कमरेखाली बधिर केलेला. दोन वाजता सर बाहेर आले, म्हणाले, "पाठवा त्याला." लंबू म्हणाली, "सर, अजून उभं राहता येत नाहीये." "घरी जाऊन राहील उभा." तिने पिवळा कागद पुढे केला. खाली तिने स्वतः पेनाने ओळ मारली होती आणि लिहिलं होतं, 'घरी पाठवा असं कोणी सांगितलं?' म्हणाली, "चालेल सर. फक्त इथे सही करा." मावशी सांगत होत्या, सर त्या कागदाकडे असे बघत राहिले की जणू त्यावर पाल आहे. मग म्हणाले, "चार वाजता बघू," आणि गेले.

साडेचारला पेशंट चालत घरी गेला, बायको सोबत. अडीच तास. एवढाच फरक असतो गं. अडीच तास.

आता सातही जणी ती ओळ हाताने लिहितात. नव्या इनचार्जने दोनदा सांगितलं की छापील कागदावर खाडाखोड नको. त्या 'हो ताई' म्हणतात आणि लिहितात. आणि सकाळी साडेनऊला कागद कोरे असतात. मी जाता-येता डोकावून बघते, मला कोणी अडवत नाही. तरी आंघोळीची अजून दोन उत्तरं आहेतच. एकीचं म्हणणं उद्या, दुसरीचं परवा. ते माझ्या हातात नाही, आणि हातात नसल्याचा संताप रोज ड्रेसिंगच्या खोलीत चिकटपट्ट्यांवर काढते. हळू काढते, घाबरू नकोस.

सोबत मेट्रनचं पत्र आहे. सही, शिक्का, जावक क्रमांक सगळं आहे. तुझ्या नावावरचा शेरा काढून टाकलाय, त्या दिवसाच्या निर्णयाची जबाबदारी माझी होती असं लिहिलंय. चार वेळा चकरा मारल्या तेव्हा निघालं. मूळ प्रत आहे, जपून ठेव. एक प्रत मी काकांच्या मुलीला दिली. तिने ती दारातच वाचली, आणि या वेळी मला पाणी विचारलं. काका दुकान विकणार नाहीत म्हणे, घड्याळं घरी मागवून दुरुस्त करायला लागलेत.

शुक्रवारी तू लंबूला फोन केलास. मी तिथेच होते, पट्ट्यांचा डबा न्यायला आले होते. तिने मला सांगितलं नसतं तरी तिच्या चेहऱ्यावरून कळलं असतं. तुमच्या डोळ्यांच्या दवाखान्यातही पेशंट त्याच दिवशी घरी जातात, आणि तिथेही प्रत्येक सिस्टर वेगळं सांगते, म्हणून तुला आपला कागद हवाय. तू मागून माझा आवाज ऐकलास आणि विचारलंस, "वहिनी तिथे काय करतायत?" ती म्हणाली, "डबा न्यायला आल्यात." तू म्हणालीस, "बरं."

त्या 'बरं'चा मी काही अर्थ लावत बसलेली नाही.

कागद पाठवतेय, लंबूच्या हाताने लिहिलेल्या बाराव्या ओळीसकट. तुमच्याकडे पहिली ओळ कामाची नाही, डोळ्याच्या पेशंटला पाय उचलायला कोण सांगणार? ती खोड, आणि तिथे काय विचारायचं ते तू ठरव.

वहिनी